आईची खुर्ची

अकोला
१२ जानेवारी २०२५

प्रिय दामिनी,

अनेक आशीर्वाद. कनकला पापा.

फोनवर आपलं बोलणं कसं संपतं हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून मध्यस्थ मॅडमनी काढलेला तोडगा मला तरी पटला. शाळेविषयी जे म्हणायचं ते दोन्ही घरांनी एकमेकांना लिहून कळवायचं, मे महिन्यात एक शाळा ठरवायची, आणि शाळा ज्या गावात त्या गावात कनक राहील. तू आणि सागर एकत्र नाही राहू शकलात, त्यात पोरीचा काय दोष? सागरला चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटतो, शिवाय कृषी केंद्र त्यालाच बघावं लागतं. म्हणून आत्या या नात्याने मीच लिहिते आहे.

आमची शाळा तू बाहेरून पाहिलीच आहेस. पहिली ते आठवी एकाच आवारात. वर्गात एसी, भिंतीएवढा फळा, त्यावर बोट फिरवलं की चित्रं हलतात. आत शिरल्या शिरल्या माशांची टाकी आहे, एवढी मोठी की वलगावच्या तुझ्या माहेरची न्हाणी त्यात मावेल. हसू नकोस, खरंच. डॉक्टरांची, अधिकाऱ्यांची मुलं येतात. सहावीतली पोरं इंग्रजीत भांडतात, दामिनी. भांडतात!

तुझ्या मनातली अमरावतीची शाळा चौथीपर्यंतच आहे म्हणे. मग पाचवीला पुन्हा दारोदार फिरायचं का?

एक सांगते, रागावू नकोस. मागच्या वेळी कनक जेवताना म्हणाली, "आत्या, मले अजून वरण दे." आमच्या आईच्या हातातली पळी तशीच राहिली. तुझी आई तिला सांभाळते, जीव लावते, सगळं मान्य. पण फुलपुड्या बांधता बांधता जे कानावर पडतं तेच लेकरू उचलतं. तू शिकलेली आहेस, तुला काय सांगायचं.

तुझी
हर्षाताई


अमरावती
१९ जानेवारी २०२५

हर्षाताईंना नमस्कार.

पत्र मिळालं. पत्रं सागरने लिहावीत असं ठरलं होतं. तुम्ही लिहिण्याला त्याची हरकत नाही असं धरून चालते.

कनकला वरण मिळालं का, ते तुम्ही लिहिलं नाही.

मी पाहिलेली इथली शाळा जुनी आहे. एसी नाही. खिडक्या समोरासमोर आहेत, वारा वाहतो. मुख्याध्यापिका सकाळी दारात उभ्या राहून मुलांची नखं बघतात आणि प्रत्येकाला नावाने हाक मारतात. मी तासभर वर्गाबाहेर उभी होते. एका मुलाला उत्तर आलं नाही, तेव्हा बाई थांबल्या. बाकीच्या मुलांनी हात वर केले तरी थांबल्या. त्याने उत्तर दिलं. शाळा चौथीपर्यंतच आहे हे खरं. तो तिचा दोष आहे आणि मी तो मोजते.

तुमच्या शाळेबद्दल मला हे कळायला हवं. दुपारी वीज गेली की त्या बंद काचांच्या वर्गात मुलं काय करतात? अकोल्यात पाणी रोज येत नाही. शाळेत पिण्याचं पाणी कुठून येतं आणि टाकी कोण धुतं? पहिलीत आलेल्या मुलांपैकी किती जण आठवीपर्यंत टिकतात? मधल्या वर्गांना शिकवणारे शिक्षक वर्षभर तेच असतात का? सहावीच्या मुलाला शाळा सुटल्यावर शिकवणी लावावी लागते का?

माशांची टाकी मोठी आहे हे लक्षात घेतलं.

दामिनी


अकोला
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दामिनी,

तुझं पत्र वाचताना कुणीतरी आपल्याला मीटर लावून बसलंय असं वाटतं! वीज कंपनीत राहून राहून माणूस असा होत असेल. सागर म्हणतो तेच खरं, घरात सून हवी होती, आली लाइनमन. चेष्टा करते गं.

जनरेटर आहे. पाण्याचं यंत्र प्रत्येक मजल्यावर आहे, टाकी कोण धुतं ते मी का विचारत बसू? मधल्या वर्गांचे सर लोक बदलतात थोडेफार, कुठे बदलत नाहीत? शिकवणी सगळेच लावतात. न लावणाऱ्याकडे लोक बघतात.

प्रवेशाआधी मुलाखत असते. मुलाची नव्हे, आईवडिलांची. दोघांना समोर बसवून विचारतात, घरी कोण असतं, अभ्यास कोण घेतं, कोणती भाषा बोलता. तारीख लागली की कळवीनच, तुला यावं लागेल.

आणि सागर सांगत होता, लग्नातली ती गोष्ट तू अजून धरून आहेस. अगं, तुझी आई हातात हारांची टोपली घेऊन हॉलच्या दारात उभी. मला वाटलं पुडीवाली आली, म्हणून म्हटलं मागच्या दाराने या. नवरीची आई टोपली घेऊन उभी राहील असं कुणाला वाटेल? ओळखलं नाही, एवढंच. माणिकबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझी
हर्षाताई


अमरावती
२५ फेब्रुवारी २०२५

हर्षाताईंना नमस्कार.

कनक रविवारी संध्याकाळी सुखरूप पोचली. माशांविषयी बोलत होती. त्यातला एक काळा आहे आणि तो एकटाच कोपऱ्यात राहतो म्हणे.

शनिवारी तिला शाळेत नेलं होतं का? नेलं असेल तर कोणी कोणी, आणि कशासाठी?

एवढंच विचारायचं होतं.

दामिनी


अकोला
३ मार्च २०२५

प्रिय दामिनी,

किती लहान पत्र! मी घाबरलेच.

अगं, सहज नेलं होतं. सागर आणि मी. म्हटलं, पोरीला मासे तरी दाखवावेत. तिथल्या बाईंनी लाडाने तिला दोन प्रश्न विचारले, बस. मुलाखत वगैरे काही नाही. ती लागली की पहिला फोन तुला. फोन नाही, पत्र!

तुझ्या मनात भलतंसलतं येऊ नये म्हणून स्पष्टच लिहिते. आम्ही काही पोरगी हिसकावायला बसलेलो नाही. आईचं ते आईचं. तू अकोल्यात राहत असतीस तर मी स्वतः म्हटलं असतं, कनक अकोल्याच्या शाळेत जाईल आणि आईजवळ राहील, सागरने शनिवार-रविवार न्यावं. वर देवाची शपथ. पण तुझी नोकरी अमरावतीत, तिथली तुझी खुर्ची तुला सुटत नाही, त्याला आम्ही काय करणार? मध्यस्थ मॅडमनाही मी हेच सांगेन. कुणी असं म्हणायला नको की या घराने आईचा विचार केला नाही.

चिवडा पाठवते आहे. कनकला आवडतो.

तुझी
हर्षाताई


अमरावती
३० मार्च २०२५

हर्षाताईंना नमस्कार.

चिवडा मिळाला.

मी तुमची शाळा बघून आले. नाव सांगितलं नाही. पहिलीत मूल घालायचं आहे एवढंच सांगितलं, त्यांनी सगळं दाखवलं. जनरेटर चालू स्थितीत आहे. पाण्याची टाकी शाळेचा शिपाई धुतो, मी शिडीवर चढून झाकण उघडून बघितलं. सहावीचा विज्ञानाचा तास पाहिला. शिकवणारे सर तरुण होते. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आलं नाही, तर ते म्हणाले, "उद्या बघून सांगतो." असं म्हणणारा शिक्षक मला इथल्या पाचवीपुढच्या कुठल्याच शाळेत भेटला नव्हता. सहावीतली मुलं भांडत होती, मराठीत.

शाळेसमोर नसीमबानो म्हणून बाई आहेत, शाळेचे गणवेश शिवतात. त्यांच्याकडेही थोडा वेळ बसले. चहा दिला.

माझं मत बदललं आहे. पहिली ते आठवी एका जागी शिकायचं तर ही शाळा सरस आहे. मला ती मान्य आहे.

तुमच्या ३ मार्चच्या पत्रातलं म्हणणं मला योग्य वाटतं. आई अकोल्यात राहत असेल तर कनक आईजवळ, नसेल तर वडिलांजवळ. हेच वाक्य तडजोडीत घ्यावं, असं मी मध्यस्थ मॅडमना सुचवते. तुमच्या मोठेपणाची तिथे नोंद होईल.

दामिनी


अकोला
६ एप्रिल २०२५

प्रिय, प्रिय दामिनी,

तू शेवटी पोरीचा विचार केलास. आईला वाचून दाखवलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सागरने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ते वाक्य खुशाल घे. माझंच आहे! आमचे वकील किशोर साहेब जरा चुळबुळले. मी म्हटलं, लिहू द्या, त्याने काय बिघडतं? ते म्हणाले, एकदा विचारून ठेवा, बाईंची बदली वगैरे? म्हणून विचारते. मला माहीत आहे तुझं तिथे बस्तान आहे, तरी आपलं विचारायचं म्हणून.

कनकची खोली मी रंगवायला काढली आहे. फिकट पिवळा. रस्त्याच्या बाजूची खिडकी आहे, सकाळचं ऊन येतं.

तुझी
हर्षाताई


अमरावती
१२ एप्रिल २०२५

हर्षाताईंना नमस्कार.

सध्या माझी नेमणूक अमरावतीच्या चाचणी विभागात आहे.

९ मे रोजी सही करायला मी वेळेवर येईन.

दामिनी


अमरावती
१४ जून २०२५

हर्षाताईंना नमस्कार.

माझी विनंती बदली झाली. सोमवारपासून मी अकोल्याच्या चाचणी विभागात रुजू होते. अर्ज फेब्रुवारीच्या अखेरीस केला होता. आदेश मे संपताना आला. नसीमबानोंचा वरचा मजला भाड्याने घेतला आहे. शाळेचं गेट खिडकीतून दिसतं. आई माझ्याबरोबर येते आहे.

९ मे रोजी सागरने सही केलेल्या तडजोडीप्रमाणे कनक माझ्याजवळ राहील. शनिवार-रविवार त्याचे आहेत. त्यात मी कधीही आडकाठी करणार नाही. हे मी तुमच्यासारखं शपथेवर सांगत नाही, फक्त लिहिते.

दुसरं. शाळेत मुलाला घ्यायला येणाऱ्यांसाठी फोटो असलेली तीन कार्डं असतात. आईचं, वडिलांचं आणि घरातल्या आणखी एका माणसाचं. आईच्या कार्डावर तुमचा फोटो आहे. तो मी पुढच्या आठवड्यात बदलून घेते.

मुलाखत २२ फेब्रुवारीला झाली हे मला २३ फेब्रुवारीपासून माहीत आहे.

दामिनी


अकोला
१७ जून २०२५

दामिनी,

तू आमाले फसवलं. सरळ सरळ फसवलं. मी तुले विचारलं होतं की नाही बदलीचं? किती गोड उत्तर दिलं तू, सध्या नेमणूक अमरावतीत आहे! सध्या! चार महिने आतून वायरी जोडत बसली आन् वरून शाळेच्या टाकीचं झाकण उघडून पाहात होती. कावून केलं असं? इतकं इख कुठून आणलं तू?

आमची आई दोन दिवस जेवली नाही. सागर मलेच बोलून राहिला, म्हणे, तुझंच वाक्य होतं ना, घे आता. वकील हसला. माझ्या तोंडावर हसला.

पिवळ्या खोलीचं काय करू आता मी? सांग ना. तुले तर सगळंच माहीत असते.

हर्षा


अकोला
५ जुलै २०२५

दामिनी,

मागचं पत्र रागात लिहिलं. हे शांतपणे लिहिते आहे.

काल मी शाळेत गेले होते. कनकला बघायला, फक्त बघायला. शाळा सुटायची वेळ होती. आवळ्याची कँडी घेऊन गेले होते. गेटवरच्या माणसाने कार्ड मागितलं. नाही म्हटलं तर म्हणाला, "मंग बाजूले उभ्या राहा." मी म्हटलं, मी या पोरीची... तर म्हणाला, "कोन तुमी? बोला ना." आजूबाजूला बायका उभ्या होत्या, स्कूटरवाल्या. सगळ्या बघत होत्या. त्यातल्या दोघी मुलाखतीच्या दिवशी बाकावर माझ्याच शेजारी होत्या, आणि मी त्यांना 'माझी मुलगी' म्हणून सांगितलं होतं. मी बाजूला जाऊन उभी राहिले. मग तुझी आई आली. तिच्या गळ्यात कार्ड होतं. तिने ते दाखवलं, आत गेली, कनकचा हात धरून बाहेर आली, आणि माझ्यासमोरून गेली. माझ्याकडे बघितलं तिने. ओळखलं नाही असं दाखवलं.

हो, मुलाखतीत मी बसले आईच्या खुर्चीवर. दोन खुर्च्या होत्या. एकीवर सागर, दुसरी रिकामी. बाई म्हणाल्या, "या ना मम्मी, बसा." मी बसले. घरी कोण असतं विचारलं, मी म्हटलं, मी असते. अभ्यास कोण घेतं, मी घेते. लग्नाला अकरा वर्षं झाली, सासरचं दार बंद झालं ते कशामुळे, तुला ठाऊक आहे. मला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. मी दुरुस्त केलं नाही. सागरनेही केलं नाही.

मला एक कार्ड दे. तिसरं दे. तुझ्या आईचं वय झालं, उन्हात किती उभी राहील? मी गेटवर उभी राहीन, तुझ्या दारापर्यंत सोडीन, वर चढणारसुद्धा नाही. हवं तर लिहून देते.

हर्षा


अकोला
८ जुलै २०२५

हर्षाताईंना नमस्कार.

हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही. तुमच्या दाराच्या कडीला पुडी असेल, तिच्यात आहे. आईने इथे गल्लीत पुड्या द्यायला सुरुवात केली आहे. पंचवीसेक घरं झाली. तुमचं घर तिने स्वतः निवडलं. म्हणाली, "त्यायच्या घरी देवाले फूल रोज गेलं पायजे. पैशे नको घेऊ."

तिसरं कार्ड आईचंच राहील. ती उन्हात उभी राहू शकते. तिचा जन्म त्यात गेला. गेटवरचा माणूस तिला पहिल्या दिवसापासून ओळखतो. तिने तुम्हाला ओळखलं नाही असं तुम्हाला वाटलं. ते चूक आहे. तिने ओळखलं. घरी आल्यावर मला सांगितलं, आणि हेही सांगितलं की तुमच्या हातात कँडी होती आणि ती चिकट होऊन चालली होती. तिला वाईट वाटलं. मला वाटलं नाही.

खुर्चीचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मला त्यातली एकच गोष्ट माहीत होती, ती तुम्हाला माहीत नसावी. २३ फेब्रुवारीला रात्री मी कनकची वेणी सोडत होते. ती म्हणाली, "आई, आत्यानं मले सांगतलं, बाईनं विचारलं तर हे माह्यी मम्मी म्हन." मी विचारलं, मग तू काय म्हटलंस? ती म्हणाली, "म्हटलं. पन हळूच म्हटलं. तुले आयकू गेलं असतं ना."

मी अमरावतीत, ती अकोल्यात. तरी हळू.

त्याच आठवड्यात मी बदलीचा अर्ज केला. मार्चमध्ये नसीमबानोंना कनकचं नाव सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "उसका माप तो उसकी मम्मी दे गई. गोरी-सी, बड़ी टिकली." त्यांच्या वहीत तुम्ही दिलेलं माप सैल होतं. मी पुन्हा घेतलं.

तुम्ही मला विचारलंत, इतकं विष कुठून आणलं. मला ते आणावं लागलं नाही. तुम्ही पत्रागणिक थोडं थोडं पाठवत होतात, मी फक्त परत केलं. शाळा मात्र तुम्ही चांगली निवडली होती. त्यात मी तुमच्याशी खोटं बोलले नाही. एक शब्दही नाही. कनकला परवा वर्गात प्रश्नाचं उत्तर आलं नाही. बाई थांबल्या नाहीत. मी जाऊन बोलले, आता थांबतात.

पिवळ्या खोलीचं विचारलंत. शनिवारी सागर कनकला घरी आणेल तेव्हा ती तिथे झोपू शकते. तडजोडीत झोपण्याच्या जागेविषयी काही नाही.

शाळेला सुट्टी असली की ती पुड्या वाटायला आजीबरोबर जाते. उद्या सुट्टी आहे. साडेसहाच्या सुमारास तुमच्या दारात येतील. आईचा हात कडीपर्यंत पोचतो, पण कनक हट्ट करते की पुडी तीच लावणार, म्हणून आजी तिला उचलून घेते.

दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तिला एकच शिकवलं आहे. ती तुम्हाला आत्या म्हणेल. मोठ्याने.

दामिनी